तीन कार्डं, बँक एकच: लिमिट कुठल्या कार्डावर मागायचं?

ताई, मी भांडुपला राहते, अंधेरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पगार हातात ६८ हजार. एकाच बँकेची तीन क्रेडिट कार्डं आहेत. पहिलं सॅलरी अकाउंटबरोबर मिळालेलं, लिमिट १ लाख २० हजार. दुसरं पेट्रोलचं, ५० हजार. तिसरं रुपे कार्ड, ३० हजार. ते यूपीआयला जोडलंय आणि घरखर्च सगळा त्याच्यावरच, महिन्याला सत्तावीसेक हजार. कार्डं घेतली तेव्हा पगार ४२ हजार होता. बिलं दर महिन्याला पूर्ण भरते, उशीर एकदाही नाही. तरी सिबिल स्कोअर ७८१ वरून ७४४ वर आला. मार्चमध्ये आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हॉस्पिटलनं दीड लाख डिपॉझिट मागितलं आणि काउंटरवर कार्ड चाललंच नाही. भावाला फोन करून पैसे मागवावे लागले, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वर्षी कांजूरमार्गला वन बीएचके घ्यायचाय, होम लोन लागेल. धाकटे दीर म्हणतात, तिन्ही कार्डांवर एकाच दिवशी लिमिट वाढवायची रिक्वेस्ट टाक. बँक रिपोर्ट एकदाच बघते आणि तीन कामं होतात. टाकू का? आणि नवऱ्यासाठी अ‍ॅड-ऑन कार्ड घ्यावं का?
– एक वाचक, भांडुप

*

नका टाकू. रिक्वेस्ट एकाच कार्डावर टाका, आणि ती सॅलरी अकाउंटबरोबर मिळालेल्या जुन्या कार्डावर. पण त्याआधी दोन कामं आहेत. त्यांना बँकेची परवानगीही लागत नाही.

दिरांचा हिशोब कुठे चुकतो ते आधी सांगते, कारण हा सल्ला हल्ली बऱ्याच घरांत फिरतोय. त्यांनी बहुतेक अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले असावेत. तिकडच्या एखाद्या बँकेत एका दिवसात रिपोर्ट एकदाच उघडत असेल, मी त्यांच्याशी वाद घालत नाही. आपल्याकडे मात्र तीन रिक्वेस्टना मिळून एकच इन्क्वायरी (म्हणजे बँकेनं रिपोर्ट तपासल्याची नोंद) पडेल, अशी हमी कुणी देत नाही. काही बँका लिमिट वाढवताना सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांचा रेकॉर्ड ठेवणाऱ्या ब्युरोत, नवी इन्क्वायरी टाकतात, काही टाकत नाहीत. काही फक्त स्वतःकडचा रेकॉर्ड पाहतात. तेव्हा रिक्वेस्टआधी कस्टमर केअरला सरळ विचारा, "यासाठी ब्युरोत हार्ड इन्क्वायरी होणार का?" त्यांनी काहीही सांगितलं तरी खरं काय झालं ते तुम्हाला कळेलच. कुणीही तुमचा क्रेडिट रिपोर्ट उघडला की ब्युरोनं तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ब्युरोकडे तुमचा चालू मोबाइल नंबर आहे ना, तेवढं पाहून ठेवा.

पण इन्क्वायरी एक की तीन, हा यातला लहान मुद्दा. मोठा मुद्दा असा की बँकेला तुमची तीन कार्डं दिसतच नाहीत. तिला एक कस्टमर आयडी दिसतो आणि त्यापुढे एक आकडा: या बाईंना आपण एकूण किती उधारी देऊन ठेवली आहे? तुमच्या बाबतीत तो आकडा २ लाख. तुम्ही रिक्वेस्ट एका कार्डावर टाका नाहीतर तिन्हींवर, क्रेडिट विभाग प्रश्न तोच विचारणार, की २ लाखांचे किती करायचे? मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत. एकाच ग्राहकाचे एकाच दिवशी तीन अर्ज पुढ्यात आले की पहिला विचार मनात येतो तो हा, की यांना अचानक पैशाची एवढी निकड का लागली? बिलं वेळेवर भरणाऱ्या माणसाबद्दल असा संशय विनाकारण कशाला उभा करायचा? शिवाय बऱ्याच बँकांत एकदा लिमिट बदललं की पुढचे काही महिने, साधारण सहा, पुन्हा हात लावू देत नाहीत. म्हणजे पेट्रोलच्या कार्डावर दहा हजार वाढले आणि जुन्या कार्डाची रिक्वेस्ट "नुकतंच वाढवलंय" म्हणून परत आली, असंही होऊ शकतं. तेलही गेलं, तूपही गेलं.

आणखी एक शक्यता तपासून पाहा. काही बँका एकाच ग्राहकाच्या सगळ्या कार्डांना मिळून एकच लिमिट देतात. पिंप एक आणि नळ तीन. तुमचे आकडे वेगवेगळे आहेत म्हणजे लिमिटही वेगळी असावीत, पण अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. रुपे कार्डावर एखादा मोठा खर्च करा आणि लगेच जुन्या कार्डाचं 'उपलब्ध लिमिट' बघा. तेही तेवढ्यानंच खाली आलं, तर तिन्ही कार्डं एकाच लिमिटवर चालतात आणि तीन रिक्वेस्टचा प्रश्नच मिटला.

आता स्कोअरकडे येते. बिल पूर्ण भरूनही तो का घसरला, याचं उत्तर मला तुमच्या रुपे कार्डात दिसतं. ३० हजारांच्या लिमिटवर २७ हजार, म्हणजे ९० टक्के वापर. एकूण पाहिलं तर तुमचं चित्र छान आहे: रुपेवर २७, पेट्रोलवर समजा ९ आणि जुन्या कार्डावर ४ हजार धरले, तर २ लाखांवर ४० हजार, म्हणजे २० टक्के. वापर तीस टक्क्यांच्या आत ठेवावा असं सगळेच सांगतात, आणि ढोबळमानानं ते ठीकच आहे. पण एखादं कार्ड काठोकाठ भरलेलं असेल तर ते रिपोर्टमध्ये वेगळं उठून दिसतं. तुम्ही देय तारखेला पूर्ण पैसे भरता हे खरं, पण बँक ब्युरोला आकडा कळवते त्या दिवशी तुमची बाकी किती होती, तेच तिथे नोंदलं जातं. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते. बिल तयार होण्याच्या आसपास आकडा गेला, तर तो २७ हजारांचाच जाणार.

म्हणून पहिलं काम, आजपासून: बिलाची वाट पाहू नका. महिन्याच्या मध्ये एकदा आणि बिल तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधी एकदा, असे मिळून १८ हजार त्या कार्डावर भरून टाका. बिल येईल ९ हजारांचं, म्हणजे ३० टक्क्यांचं. पैसे तेच, खर्च तोच, फक्त भरायची तारीख अलीकडे आणायची. दोन-तीन महिन्यांत स्कोअरमध्ये फरक दिसायला हवा. उधारीचे फुकटचे दिवस थोडे कमी होतील, पण ६८ हजारांच्या पगारात त्या १८ हजारांवर बचत खात्यात किती व्याज सुटतं, हे अकाउंट्सवालीला मी काय सांगायचं!

दुसरं काम, रिपोर्ट मागवणं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात स्कोअरच्या खाली प्रत्येक कार्डाची जी नोंद असते, ती वाचा. लिमिट बरोबर लिहिलंय का? बंद केलेलं एखादं जुनं कर्ज अजून चालू दिसतंय का? चूक सापडली तर ब्युरोकडे ऑनलाइन तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. होम लोन घेणार असाल तर हे आत्ताच करा. लोन ऑफिसरच्या टेबलापुढे बसल्यावर चूक सापडली, तर ती दुरुस्त होईपर्यंत बिल्डर थांबत नाही.

आता लिमिट. किती मागायचं? मनाला येईल तो आकडा टाकू नका. तुम्ही कार्डं घेतलीत तेव्हा पगार ४२ हजार होता आणि बँकेनं २ लाख दिले, म्हणजे पगाराच्या पावणेपाच पट. त्याच प्रमाणात ६८ हजारांवर सव्वातीन लाखांच्या जवळपास येतं. म्हणजे १ लाख २० हजार वाढवून मागणं हे बँकेनं स्वतःच एकदा मान्य केलेल्या मापात बसतं. जुन्या कार्डावर १ लाख २० हजारांचे २ लाख ४० हजार मागा. त्याआधी बँकेच्या रेकॉर्डमध्ये तुमचा पगार किती आहे ते पाहा. पगार त्याच बँकेत जमा होतो म्हणून कार्ड विभागाला तो माहीत असेलच, असं समजू नका. एकाच इमारतीत दोन विभाग असले तरी फाइल आपोआप इकडून तिकडे जातेच असं नाही. अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये उत्पन्न अपडेट करायची सोय असेल तर आधी ते करा. नसेल तर तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ जोडा.

लिमिट मिळालं की लगेच दुसरी विनंती करा, वाढवण्याची नव्हे, हलवण्याची: जुन्या कार्डावरचे ७० हजार रुपे कार्डावर वळवा. जुन्यावर राहतील १ लाख ७० हजार, रुपेवर होतील १ लाख, पेट्रोलवर ५० हजार आहेतच. एकूण ३ लाख २० हजार. रुपेवरचा २७ हजारांचा खर्च मग २७ टक्के होतो आणि जुनं कार्ड दीड लाखाचं डिपॉझिट एका स्वाइपमध्ये पेलू शकतं. यात बँकेची एकूण जोखीम वाढत नाही, म्हणून अशा विनंतीला नवी इन्क्वायरी किंवा पगाराचे कागद बहुधा लागत नाहीत. सगळ्या बँका लिमिट हलवू देत नाहीत, विशेषतः कार्ड एखाद्या कंपनीबरोबरचं को-ब्रँडेड असेल तर, पण विचारायला पैसे पडत नाहीत. अ‍ॅपमध्ये पर्याय दिसला नाही तर ईमेल करा, म्हणजे नोंद राहते.

पेट्रोलचं कार्ड खरंच लागतं का, तेही बघा. अंधेरीला ट्रेन-मेट्रोनं जात असाल, तर ते पेट्रोल नवऱ्याच्या बाइकमध्ये जात असणार, असा माझा अंदाज! ते कार्ड बंद करायचं ठरलं, तर क्रम लक्षात ठेवा. आधी त्याचं लिमिट दुसऱ्या कार्डावर हलवून घ्या आणि मगच बंद करायची विनंती द्या. उलटं केलंत तर ५० हजार हवेत विरतील. बाकी शून्य असेल तर विनंतीपासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, त्यापुढे रोजचा ५०० रुपये दंड तिनं तुम्हाला द्यायचा. जुनं कार्ड मात्र काहीही झालं तरी बंद करू नका, तुमचा सगळ्यात लांबचा चांगला इतिहास त्याच्यावर आहे. वर्षाहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँक नोटीस देऊन बंद करू शकते, म्हणून त्यावर विजेचं बिल वगैरे चालू ठेवा.

वेळेचं म्हणाल तर, होम लोनचा अर्ज करायच्या निदान चार-पाच महिने आधी हे सगळं उरकलेलं असू दे. लोनची फाइल चालू असताना कार्डाच्या लिमिटला हात लावायचा नाही, आणि नवा मोबाइल ईएमआयवर घ्यायचा नाही. लोन ऑफिसर तुमचं न वापरलेलं लिमिट सहसा मोजत नाही. तो बाकी बघतो आणि चालू हप्ते बघतो.

बँकेनं नकार दिला तर कारण विचारा, आणि सहा महिने थांबा. बँका हल्ली पूर्वीपेक्षा हात आखडता घेतात, त्याला तुम्ही जबाबदार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं क्रेडिट कार्डाच्या उधारीवरचा जोखीमभार बँकांसाठी १२५ वरून १५० टक्के केला, म्हणजे त्याच उधारीसाठी बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. साहजिकच लिमिट देताना ती दोनदा विचार करते. उलट कधी बँकच आपणहून "तुमचं लिमिट वाढवलं आहे, स्वीकारा" असा मेसेज पाठवते. तो खरा असेल तर चांगलंच, बहुधा कागदही लागत नाहीत. पण २०२२ च्या नियमांप्रमाणे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँक लिमिट वाढवू शकत नाही. संमती द्यायची ती बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्वतः जाऊन. फोनवर कुणी "मॅडम, लिमिट वाढवतो, ओटीपी सांगा" म्हणालं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेच्या नावाची फाइल आली, तर तो चोर समजा. लिमिट वाढवून घ्यायच्या नादात असलेली माणसं या जाळ्यात हमखास सापडतात, कारण त्यांना तो फोन अपेक्षितच असतो. चुकून काही घडलं तर आधी कार्ड ब्लॉक करा आणि त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. ओटीपी आपण दिलेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी येतं.

लिमिट वाढलं की ते अंगावर येईल अशी भीती वाटत असेल, तर अ‍ॅपमध्ये व्यवहाराची मर्यादा स्वतः घालता येते. लिमिट १ लाख ७० हजारांचं असू दे, रोजच्या वापरासाठी २० हजारांची मर्यादा लावा आणि गरज पडली की दोन मिनिटांत काढा. परदेशी व्यवहार बंदच ठेवा.

आणि आता त्या काउंटरकडे येते. पत्रातलं ते वाक्य वाचून मला वाटलं की लिमिटचा प्रश्न खरा तिथून सुरू झालाय. भावाकडे मागितल्याची लाज बाळगू नका, आईच्या ऑपरेशनला भावाला फोन करायचा नाही तर कुणाला? पण समजा त्या दिवशी कार्ड चाललं असतं आणि पुढच्या बिलाला दीड लाख जमले नसते, तर? कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. दीड लाखावर महिन्याला ५,२५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९४५ रुपये, मिळून ६,१९५. तेही एका महिन्याचे. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत रोजच्या भाजी-दुधावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. व्याजाला कायद्यानं वेसण आहे अशीही समजूत ठेवू नका. ग्राहक आयोगानं २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

म्हणून हॉस्पिटलसाठी कार्ड हा मधला पूल धरा. डिपॉझिट भरायचं आणि क्लेम किंवा एफडीतून बिलाच्या तारखेआधी फेडायचं. दीड-दोन लाखांची स्वीप-इन एफडी, म्हणजे गरज पडली की आपोआप मोडून खात्यात येणारी, हळूहळू उभी करा. पैसे खात्यात असतील तर कार्डाची गरजही नाही, कारण हॉस्पिटलला यूपीआयनं एका वेळी ५ लाखांपर्यंत देता येतात. फक्त तुमच्या बँकेची स्वतःची मर्यादा किती ते आधी पाहून ठेवा. आईची मेडिक्लेम पॉलिसी असेल तर हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत आहे का ते आजच बघा. कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीनं तासाभरात निर्णय द्यायचा, असा २०२४ पासूनचा नियम आहे. काउंटरवरच्या माणसानं डिपॉझिटचा आग्रह धरला तर त्याला हे शांतपणे ऐकवा.

राहिला नवऱ्याच्या अ‍ॅड-ऑन कार्डाचा प्रश्न. अ‍ॅड-ऑनला वेगळं लिमिट मिळत नाही, ते तुमच्याच लिमिटमधून खर्च होतं आणि भरायची जबाबदारी पूर्ण तुमची. पेट्रोल त्यांच्या बाइकमध्ये जात असेल तर जुन्या कार्डावर अ‍ॅड-ऑन घ्या आणि त्याला महिन्याची १० हजारांची मर्यादा घाला. पण होम लोन दोघांच्या नावावर घेणार असाल आणि त्यांच्या नावावर आजवर एकही कर्ज किंवा कार्ड नसेल, तर त्यांना स्वतःचं एक साधं कार्ड घ्यायला सांगा, दुसऱ्या बँकेचं. पगाराचा पुरावा नसेल तर २०-२५ हजारांच्या एफडीवरही काही बँका कार्ड देतात. ते त्यांनी आत्ताच घ्यावं. वर्षभरात त्यांच्याही नावावर चांगला रेकॉर्ड उभा राहतो, आणि घरातली सगळी कार्डं एकाच बँकेत अडकून राहत नाहीत.